क्रांतीचे थोरले काका

२ सप्टेंबर १९४५. हनोईच्या बा दिन्ह चौकात काही लाख माणसे दाटीवाटीने उभी होती. जपानने शरणागती पत्करून तीन आठवडेही झाले नव्हते. फ्रेंचांची ऐंशी वर्षांची सत्ता खिळखिळी झाली होती आणि उत्तर व्हिएतनाम एका भयानक दुष्काळातून नुकताच उठत होता. अशा वेळी मंचावर किरकोळ अंगाचा, विरळ दाढीचा, पंचावन्न वर्षांचा एक माणूस उभा राहिला. अंगात साधा खाकी कोट, पायांत रबरी चपला. हो ची मिन्ह हे नाव त्या गर्दीतल्या फार थोड्यांनी पूर्वी ऐकले असेल. तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचू लागला. प्रारंभीच अमेरिकेच्या १७७६च्या जाहीरनाम्याचा आणि फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मानवी हक्कांच्या घोषणेचा दाखला आला. तो परक्या कानांसाठी होता. मध्येच तो थांबला आणि समोरच्या माणसांना त्याने विचारले की, बंधुभगिनींनो, माझे बोलणे तुम्हांला नीट ऐकू येते ना? लाखो कंठांतून होकार उमटला.

त्या क्षणी मंच आणि मैदान यांच्यातले अंतर नाहीसे झाले, असे तिथे हजर असलेल्या सेनानी व्हो न्गुयेन ज्याप यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. वक्त्याने श्रोत्यांना 'ऐकू येते का?' असे विचारण्यात एवढे काय मोठे, असे आपल्याला वाटेल. आपल्याकडे तर ध्वनिक्षेपकावर टिचकी मारून प्रत्येक सभेत हेच विचारतात! पण व्हिएतनामच्या लोकांनी आपल्या शासनकर्त्याच्या तोंडून असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. राजा ह्यू शहरातल्या तटबंदीआड राहत असे. फ्रेंच साहेब हुकूम देई. ऐकू आले की नाही, ही चिंता ऐकणाऱ्याने करायची होती. शिवाय त्या एका वाक्यात हो ची मिन्ह यांनी दोन शब्द असे वापरले, की त्यांचा अर्थ नुसत्या भाषांतराने हाती लागत नाही. एक शब्द स्वतःसाठी, एक समोरच्यांसाठी. क्रांतीचा नेता लोकांशी कसा बोलतो आणि लोक त्याला काय म्हणून हाक मारतात, यावर क्रांतीचे पुढे काय होते हे किती अवलंबून असते, ते व्हिएतनामच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

'मी' म्हणजे कोण?

मराठीत आपण 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांच्यामध्ये अडखळतो. नव्या सूनबाईला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', यावरून घरात चर्चा झडतात. पण निदान 'मी' म्हणताना आपल्याला विचार करावा लागत नाही. पंतप्रधान असो वा पाणक्या, 'मी' सगळ्यांचा सारखाच. व्हिएतनामी माणसाला ही सोय नाही. त्याच्या भाषेत 'मी' आणि 'तू' यांची जागा बहुधा नात्याचे शब्द घेतात. शिक्षकाशी बोलताना तो स्वतःला धाकटे भावंड म्हणेल, आजोबांच्या वयाच्या माणसाशी बोलताना नातू म्हणेल, लहान मुलाशी बोलताना काका. समोरच्याशी आपले नाते काय, हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. म्हणून व्हिएतनाममध्ये पहिल्या भेटीत वय विचारतात. परदेशी पाहुण्याला तो आगाऊपणा वाटतो, पण विचारणाऱ्याला बिचाऱ्याला पुढचे वाक्य बोलायचे असते!

या नात्यांची यादी पाहिली, तर मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटेल. इंग्रजीतल्या एका 'अंकल'मध्ये काका, मामा, मावसोबा सगळे कोंबलेले असतात. व्हिएतनामीत मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. काकांमध्येही दोन प्रकार. वडिलांपेक्षा मोठा तो 'बाक', वडिलांपेक्षा धाकटा तो 'चू'. नवराबायकोसुद्धा यातून सुटत नाहीत. बायको नवऱ्याला 'आन्ह', म्हणजे थोरला भाऊ, म्हणते आणि तो तिला 'एम', म्हणजे धाकटे भावंड, म्हणतो. आपल्या 'अहो-जाहो'च्या पिढीला हे ऐकून कसेसेच होईल. त्यांना त्यात फक्त जिव्हाळा दिसतो.

या घरगुती व्याकरणावर फ्रेंच राजवटीने घाव घातला होता. फ्रेंच भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. फ्रेंच साहेब व्हिएतनामी माणसाला, मग तो पिकल्या केसांचा पंडित का असेना, सर्रास एकेरीने हाक मारी. जिथे वयाचा मान हाच सभ्यतेचा पाया, तिथे हा अपमान रोजच्या रोज, कचेरीत, शाळेत, रस्त्यावर होई. सुशिक्षित व्हिएतनामी तरुणांच्या मनात करांइतकाच हा एकेरी उल्लेखही सलत असे.

आता बा दिन्ह चौकातल्या त्या दोन शब्दांकडे येऊ. स्वतःसाठी हो ची मिन्ह यांनी 'तोय' हा शब्द वापरला. आज तो 'मी' या अर्थी बऱ्यापैकी तटस्थ शब्द झाला आहे, पण त्याचा मूळ अर्थ सेवक, राजाचा प्रजाजन असा आहे. उलट राजाचा 'मी' हा केवळ राजासाठी राखलेला वेगळाच शब्द होता. दुसऱ्या कुणाला तो उच्चारण्याची मुभा नव्हती. तो शब्द वापरणारा शेवटचा सम्राट बाओ दाय याने तीनच दिवस आधी, ३० ऑगस्टला, ह्यूच्या राजवाड्यात आपली मुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केली होती. गुलाम देशाचा राजा असण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा नागरिक होणे मला आवडेल, असे तो म्हणाला होता. त्यानंतर तो 'नागरिक व्हिन्ह थुई' झाला. राजाचा 'मी' गेला आणि त्या जागी प्रजाजनाचा 'मी' उभा राहिला. सत्तांतराची ही बातमी लोकांना व्याकरणातून कळली.

दुसरा शब्द 'दोंग बाओ'. सोयीसाठी आपण त्याचे भाषांतर 'बंधुभगिनींनो' असे केले. वर्तमानपत्री भाषेत त्याला 'देशबांधव' म्हणतात. पण शब्दाची फोड केली तर 'दोंग' म्हणजे समान आणि 'बाओ' म्हणजे गर्भाची पिशवी. मराठीला त्यासाठी नेमका शब्द आहे, सहोदर. व्हिएतनामी पुराणकथेत नागवंशी लाक लोंग क्वान आणि पर्वतावरची देवकन्या आउ को यांच्या संसारात एकाच पिशवीतून शंभर अंडी जन्मली, त्यांतून शंभर मुलगे निघाले. पन्नास आईबरोबर डोंगरात गेले, पन्नास बापाबरोबर समुद्राकडे. डोंगरातले आणि किनाऱ्यावरचे सगळे त्यांचेच वंशज. ही कथा शेतावरच्या बाईलाही ठाऊक. राष्ट्र, जनता, सर्वहारा वर्ग हे शब्द समजावून सांगावे लागतात. 'सहोदर' म्हटल्यावर काहीच समजावून सांगावे लागत नाही.

मायबाप नको, काका

हा माणूस लोकांना इतका ओळखीचा कसा वाटला, याचे नवल करावे अशीच त्याची हकीगत आहे. १८९०च्या सुमारास न्घे आन प्रांतात एका कन्फ्यूशियन पंडिताच्या घरी जन्म. १९११ साली सायगावच्या बंदरातून एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातला पोऱ्या म्हणून तो बाहेर पडला तो तीस वर्षे देशाबाहेर राहिला. लंडन, पॅरिस, मॉस्को, कॅन्टन. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत भाग, 'न्गुयेन आय क्वोक' या टोपणनावाने लेखन. १९४१च्या प्रारंभी चीनच्या सीमेलगतच्या पाक बो गावी एका गुहेत तो परतला, तेव्हा त्याला मार्क्स आणि लेनिन यांची परिभाषा तोंडपाठ होती. ती परिभाषा त्याने गुहेत ठेवली म्हणायला हरकत नाही. बाहेर काढले ते साधे वर्तमानपत्र, ज्यात शेतकऱ्यांना, बायकांना, मुलांना कळेल अशा पद्यात मजकूर असे.

त्यासाठी त्याने निवडलेला छंदही पाहण्यासारखा आहे. 'लुक बात' म्हणजे सहा-आठ. एक ओळ सहा अक्षरांची, पुढची आठ अक्षरांची, आणि यमक साखळीसारखे गुंफलेले. आपल्याकडे जात्यावरच्या बाईच्या तोंडी ओवी, तशी तिकडे शेतात राबणाऱ्या बाईच्या तोंडी लुक बात. न्गुयेन दू या कवीचे 'किउची कथा' हे तीन हजारांवर ओळींचे काव्य याच छंदात आहे आणि अक्षरशत्रू माणसेही त्यातले भाग घडाघडा म्हणत. हो ची मिन्ह यांनी १९४२च्या सुमारास व्हिएतनामचा सारा इतिहास याच छंदात सुमारे दोनशे ओळींत बसवला. वाचता न येणाऱ्या माणसाला पत्रक देऊन उपयोग नसतो, पण पाठ झालेली ओळ पोलिसांना झडतीत सापडत नाही! त्याच सुमारास चीनच्या तुरुंगात असताना स्वतःच्या मनातले लिहायला मात्र त्यांनी अभिजात चिनी कविता जवळ केली. पंडिताच्या मुलाचे आतले बोलणे वेगळे आणि लोकांशी बोलणे वेगळे.

स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर आठवडाभरातच साक्षरतेची मोहीम सुरू झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते. लिपी होती रोमन अक्षरांची, सतराव्या शतकात जेझुइट धर्मोपदेशकांनी घडवलेली. त्याच शतकात गोव्यात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचून ते रोमन लिपीत छापले होते, हे इथे आठवते. आपल्याकडे ती लिपी मराठीत रुजली नाही. व्हिएतनामने परक्यांची लिपी आपलीशी करून परक्यांविरुद्ध वापरली. अक्षरांचे आकार लक्षात राहावेत म्हणून यमकांची गाणी होती. बाजाराच्या वाटेवर पाटी वाचून दाखवावी लागे, येत नसेल त्याला 'आंधळ्यांच्या दारा'तून चिखल तुडवत जावे लागे. लाज, चेष्टा आणि गाणे या तिन्हींचा उपयोग करून पहिल्या वर्षभरात सरकारी आकड्यांनुसार सुमारे पंचवीस लाख लोक वाचायला शिकले.

दुष्काळग्रस्तांसाठी हो ची मिन्ह यांनी दहा दिवसांतून एक जेवण सोडावे आणि तेवढा तांदूळ गरिबांना द्यावा, असे आवाहन केले आणि स्वतः ते पाळले. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ उपास करायला सांगितले, तेव्हा आपल्या घरांतून सोमवारी रात्रीची चूल थंड राहिली होती. उपासाची भाषा समजणाऱ्या समाजातच असे आवाहन करता येते.

आरंभी लोक त्यांना 'कू हो' म्हणत, म्हणजे पणजोबांच्या मानाचे वृद्ध. सैनिक स्वतःला 'कू होंचे सैनिक' म्हणवीत. पण रूढ झाले ते दुसरे नाव, 'बाक हो'. जगाने त्याचे भाषांतर 'अंकल हो' असे केले आणि त्यातला सगळा अर्क सांडला. बाक म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तुमच्या वडिलांनीही ज्यांच्यापुढे आवाज चढवू नये, असे.

मग 'बाबा' का नाही? व्हिएतनाममध्ये 'राष्ट्राचे वृद्ध पिता' असाही त्यांचा उल्लेख होई, पण हाकेत आला तो काकाच. याचे एक कारण मला असे दिसते की, बापाची जागा आधीच बाटली होती. जुन्या राज्यातल्या अंमलदारांना 'प्रजेचे मायबाप' म्हणण्याची तिकडे रीत होती. 'मायबाप सरकार' म्हणत ज्यांनी मामलेदाराच्या कचेरीबाहेर दिवस काढले, त्या मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. मायबाप म्हटले की कर आला, फटका आला. थोरल्या काकांचा मान बापाहून मोठा, पण त्यांच्या हातात छडी नसते. ते येतात तेव्हा मुलांसाठी काहीतरी घेऊन येतात. मुलांना लिहिलेल्या पत्रांत हो स्वतःला 'काका' म्हणत.

मंत्रिमंडळातही हीच रीत. ज्याप यांच्यासारख्या सहकाऱ्यांना हो 'चू' म्हणजे धाकटे काका म्हणत. हे विचित्र वाटेल, पण आपल्या घरात आई आपल्याच थोरल्या मुलाला 'दादा' म्हणते ते का? धाकट्याच्या नजरेतून ती हाक मारते म्हणून. तसेच हे. घरातल्या लहान मुलाच्या नजरेने सारे राज्य पाहायचे. मग सेनापती धाकटे काका होतात आणि अध्यक्ष थोरले. आपल्याकडेही गांधीजी 'बापू' झाले, पंडितजी 'चाचा नेहरू' झाले, साताऱ्याच्या क्रांतिसिंहांना लोकांनी 'नाना' म्हटले आणि शेतकरी कामगार पक्षात 'भाई' ही पदवीच झाली. फरक इतकाच की, आपण 'चाचा' म्हणून पुढच्या वाक्यात 'मी' म्हणू शकतो. व्हिएतनामी माणसाने 'बाक' म्हटले की तो स्वतः आपोआप 'चाउ', म्हणजे पुतण्या, होतो.

पुतण्याने विचारायचे काय?

इथेच या गोड नात्याची दुसरी बाजू सुरू होते. १९५३ ते १९५६ या काळात उत्तर व्हिएतनाममध्ये जमीन सुधारणेची मोहीम झाली. गावोगाव जमीनदारांवर जाहीर आरोपांच्या सभा भरल्या. हजारो माणसे मारली गेली, त्यांत अनेक जण जमीनदार म्हणण्याइतके जमीनदारही नव्हते. पहिल्या बळींमध्ये थाय न्गुयेन प्रांतातली न्गुयेन थी नाम ही स्त्री होती. तिने १९४५च्या 'सुवर्ण सप्ताहा'त नव्या सरकारला सोने दिले होते, क्रांतिकारकांना घरात आसरा दिला होता, तिचे मुलगे क्रांतीच्या सैन्यात होते. तरीही १९५३ साली तिला गोळ्या घालण्यात आल्या.

या सभांच्या ज्या आठवणी लोकांनी सांगितल्या आहेत, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आरोपीला सगळ्या गावासमोर कुळांना 'आजोबा', 'आजी' म्हणावे लागे आणि स्वतःला 'कॉन' म्हणजे मूल. कालपर्यंत ज्यांनी वाकून मानाने हाक मारली, ते आज अरेतुरे करीत. म्हातारा माणूस विशीतल्या पोराला आजोबा म्हणतो आहे, मुलगा बापाला एकेरीवर आणून त्याच्यावर आरोप करतो आहे, हे दृश्य मरणापेक्षा भयंकर वाटले, असे सांगणारे लोक आहेत. ज्या नात्यांच्या भाषेने देश एक केला होता, तीच उलटी फिरवून माणसे मोडता येतात, हे त्या वर्षांत दिसले.

ऑगस्ट १९५६मध्ये हो ची मिन्ह यांनी चुका झाल्याचे जाहीर पत्राने मान्य केले. ऑक्टोबरमध्ये पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले. अनेकांना तुरुंगातून सोडण्यात आले. कम्युनिस्ट राजवटींच्या इतिहासात अशी कबुली वारंवार सापडत नाही, हे खरे. पण त्या कबुलीनंतर दोष पुतण्यांच्या वाट्याला आला आणि काका काकाच राहिले. सरचिटणीसाला जाब विचारता येतो, अध्यक्षाला राजीनामा मागता येतो. थोरल्या काकांकडे राजीनामा कसा मागायचा? त्यासाठी भाषेत वाक्यच नाही.

ते वाक्य शोधणाऱ्यांचे काय होते, हेही त्याच वर्षी दिसले. १९५६च्या प्रारंभी त्रान दान या तरुण कवीची एक दीर्घ कविता हनोईत प्रसिद्ध झाली. तो स्वतः क्रांतीच्या सैन्यात लढलेला. फाळणीनंतरच्या हनोईतली उदास पावसाळी हवा, बेकारी, रिकामे रस्ते असे त्या कवितेत आले होते. तिच्यावर जे आरोप झाले, त्यांतला एक असा की, 'मनुष्य' या अर्थाच्या एका शब्दाचे पहिले अक्षर त्याने मोठे काढले होते. त्या शब्दाचे मोठ्या अक्षरातले रूप आदरार्थी सर्वनाम म्हणून केवळ हो ची मिन्ह यांच्यासाठी राखलेले होते! सम्राटाचा 'मी' जाऊन अकराच वर्षे झाली होती आणि एका माणसासाठी राखलेले नवे सर्वनाम तयार झाले होते. त्रान दानला अटक झाली, कोठडीत त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याचे आणि त्याच्या मित्रांचे लेखन पुढे कित्येक वर्षे छापले गेले नाही. २००७ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्याला सरकारचे साहित्याचे पारितोषिक देण्यात आले.

'सहोदर' या शब्दाचीही परीक्षा झाली. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर सतराव्या अक्षांशावर देश दुभंगला. त्यानंतरच्या युद्धात अमेरिकेची विमाने होतीच, पण दोन्ही बाजूंना व्हिएतनामी माणसे होती आणि दोन्ही बाजूंचे पुढारी आपापल्या लोकांना 'दोंग बाओ' म्हणूनच साद घालत होते. मराठीत 'भाऊबंद'पासून 'भाऊबंदकी' किती जवळ आहे, हे आपल्याला माहीत आहे.

घरातले थोरले

साठच्या दशकात हो ची मिन्ह यांची प्रकृती ढासळत गेली. १९६०पासून पक्षाची सूत्रे ले जुआन यांच्याकडे होती आणि महत्त्वाचे निर्णय अधिकाधिक तेच घेत. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या थोरल्यांना पहिला पाट मिळतो, सणाला सगळे पाया पडतात. तिजोरीच्या किल्ल्या मात्र दुसऱ्याच्या कनवटीला गेलेल्या असतात. तसेच काहीसे झाले. कोलकात्याच्या रस्त्यांवर बंगाली तरुण तुमचे-आमचे नाव व्हिएतनाम अशा घोषणा देत होते, अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या रस्त्याला हो ची मिन्ह यांचे नाव दिले गेले, त्या काळात हनोईतले काका राज्यकारभारातून बरेचसे बाजूला झाले होते.

१९६५च्या मे महिन्यापासून दर वर्षी वाढदिवसाच्या सुमारास ते आपले मृत्युपत्र काढून बसत आणि दुरुस्त करीत. आपले दहन करावे, असे त्यांनी लिहिले. जमीन वाया जाणार नाही आणि आरोग्यालाही ते बरे. राख तीन भागांत वाटून उत्तरेत, मध्य भागात आणि दक्षिणेत एकेका टेकडीवर पुरावी. भेटायला येणाऱ्याने तिथे एक झाड लावावे, म्हणजे हळूहळू रान होईल.

२ सप्टेंबर १९६९ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेला चोवीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय सणावर सावट नको म्हणून सरकारने मृत्यूची तारीख ३ सप्टेंबर जाहीर केली. मृत्युपत्र प्रसिद्ध झाले, पण दहनाचा भाग गाळून. देह मसाले घालून जतन करण्यात आला आणि १९७५च्या ऑगस्टमध्ये बा दिन्ह चौकातच ग्रॅनाइटच्या भव्य समाधीत ठेवण्यात आला. खरी तारीख आणि मृत्युपत्राचा गाळलेला भाग लोकांना कळायला १९८९ साल उजाडले.

आजही शाळेतली मुले रांगेने त्या समाधीत जातात आणि त्यांना 'बाक हो' म्हणतात. प्रेम खोटे नाही. खोटे असते तर इतकी वर्षे टिकले नसते. ज्या माणसाने लाखो लोकांसमोर थांबून 'माझे बोलणे ऐकू येते ना?' असे विचारले होते, त्याचे शेवटचे बोलणे घरच्यांना अगदी नीट ऐकू आले होते. काका मोठे, म्हणून त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नव्हते. आणि काका आपले, म्हणून त्यांच्या शेवटच्या इच्छेवर हक्क सांगायला कुणाला संकोचही वाटला नाही. टेकड्यांवरची ती झाडे मात्र लावायची राहिली.